सहा माणसं आणि एक ड्रायव्हर

डेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणत. हे नाव कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं, त्यानं ते कमावलेलं होतं. सव्वीस वर्षं एकच रस्ता. सकाळी शहरातून चाळीस माणसं घ्यायची, डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं, मग एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा अशा रस्त्यानं समुद्राच्या कडेकडेनं बंदरावर पोचायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे उलटं. जायला दोनशे चौदा वळणं, यायला दोनशे चौदा. सव्वीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. साहेब आले, गेले. गाड्या आल्या, भंगारात गेल्या. उस्ताद होता तिथंच होता.

त्याच्या बायकोला सासरी धाकटी म्हणत, धाकट्याची बायको म्हणून. डेपोच्या फाटकासमोर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन, एक फळी आणि बसायला दोन स्टुलं. डेपोतल्या गणवेशांची उसवलेली शिवण, तुटलेली बटणं, लांब-आखूड झालेल्या पँटी, सगळं तिच्याकडे येई. पँट बघून ती ड्रायव्हर ओळखायची. जो सीटवर सारखा चुळबुळतो त्याची पँट बुडाला सहा महिन्यांत विरते. उस्तादाची दोन-दोन वर्षं चाले. "माझा नवरा गाडी चालवत नाही, गाडीत बसून विचार करतो, गाडी आपली आपण जाते," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि सांगताना दातात दोरा तोडायची, म्हणजे हसू दिसायला नको.

लग्न झालं त्या वर्षी तिनं विचारलं होतं, "समुद्र कसा आहे हो तिकडचा?"

तो म्हणाला होता, "जाताना डावीकडे, येताना उजवीकडे."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पुढं कधीतरी कळलं, थट्टा नव्हती. त्याला खरंच तेवढंच माहीत होतं. पाहिलाच नाही असं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात एक निळा पट्टा असायचा. पण ज्याच्या मागं चाळीस जीव बसलेत त्यानं डोळ्याच्या कोपऱ्याकडे लक्ष द्यायचं नसतं. माथ्यावर गाडी वीस मिनिटं थांबे, तेव्हा लोक कठड्याशी जाऊन आ वासत, आणि हा चाकांशी वाकलेला असे. बंदरावर पोचलं की लॉजच्या स्वयंपाकघरामागं ड्रायव्हरांसाठी एक खोली होती. खिडकी होती, पण ती गॅसच्या टाक्यांवर उघडायची. जेवायचं, पडायचं आणि पहाटे चारला उठायचं.

आणि लोक गाडीतून उतरताना म्हणत, काय सुंदर प्रवास झाला! कुणामुळं झाला ते म्हणणारा शंभरात एक. उरलेल्या नव्व्याण्णवांना वाटतं, रस्ता आपोआप पोटात घेतो आणि समुद्रापाशी नेऊन ओकतो.

तर त्या वर्षी उस्तादाचे थोरले भाऊ निवृत्त झाले. सगळं घर त्यांना दादा म्हणे. मोठ्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर पस्तीस वर्षं बसलेला माणूस. खुर्ची सुटली, पण बसण्याची पद्धत सुटली नव्हती. त्यांनी एक दिवस जाहीर केलं की आता सगळ्या कुटुंबानं मिळून फिरायला जायचं, डोंगर आणि समुद्र दोन्ही बघायचं, चार दिवस. दादा, त्यांची बायको, मुलगा, सून. आणि इकडचे उस्ताद, धाकटी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी.

"धाकट्या, तुझा रोजचा रस्ता. तूच आख सगळं," दादा म्हणाले.

उस्तादाला जणू कुणी पदक दिलं.

पंधरा दिवस तो त्या कामाला लागला होता. रिकाम्या दिवशी टेबलापाशी बसून, पट्टी घेऊन, रेघा आखून. जुन्या ड्युटीच्या कागदांची पाठकोरी बाजू वापरली. लॉजवाल्याला फोन, होडीवाल्याला फोन, डोंगरावरच्या चहावाल्याला फोन. मुलगी म्हणाली, "बाबा, हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं." तो म्हणाला, "मोबाइलला विचार, माथ्यावरचं धुकं किती वाजता उठतं." तिनं विचारलं. मोबाइल म्हणाला, ढगाळ. "बघ," तो म्हणाला. "त्याला ढग माहीत आहेत, धुकं माहीत नाही."

रविवारी सगळे दादांच्या फ्लॅटवर जमले. काचेचं टेबल, त्यावर चहा-बिस्किटं. उस्तादानं कागद उलगडले आणि घसा साफ केला. धाकटी भिंतीशी खुर्चीवर बसली होती, मान ताठ. कधी नाही ते त्या घरात तिच्या नवऱ्याचं कुणी ऐकणार होतं.

"सकाळी साडेसहाला निघायचं," त्यानं वाचायला घेतलं. "सात वाजले की पुलावर ट्रकांच्या मागं अडकतो आपण. सव्वानऊला पहिला चहा. तिथला चहा वाईट आहे, पण संडास स्वच्छ आहे."

सगळे हसले.

"हसू नका. पुढच्या ठिकाणी उलटं आहे. चाळिसाव्या वळणापासून वहिनींनी खाली बघायचं नाही. पुस्तक नाही, मोबाइल नाही, लांब बघत राहायचं. शहात्तरावं वळण गेलं की पोट जागेवर येतं. साडेदहाला धुकं उठतं, अकराला आपण माथ्यावर. तेव्हा ऊन पाठीवर असतं, फोटो चांगले येतात असं लोक म्हणतात. माथ्यावर वीस मिनिटं. तेवढ्यात टायर, पाणी, काच. उतरताना गाणी मोठ्यानं लावायची नाहीत, समोरच्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. चारला बंदर. समुद्राकडच्या तीन खोल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या, कारण खालच्यांना मासे सुकवायचा वास येतो. दुसऱ्या दिवशी बेटावर फेरी. होडीत सहा जागा सांगून ठेवल्यात, पुढच्या अंगाच्या. मागं पाणी उडतं."

दादांनी टाळी वाजवली. "याला म्हणतात प्लॅनिंग! आमच्या ऑफिसात असा एक माणूस असता ना, मी दोन वर्षं आधी निवृत्त झालो असतो."

"काका, कंपनी काढा तुम्ही," पुतण्या म्हणाला.

उस्तादानं कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. धाकटीला वाटलं, बघा म्हणावं, बघून घ्या. याला तुम्ही नुसता गाडी हाकणारा समजत होतात.

पण तिला एक सवय होती. गिऱ्हाइकानं कपड्यांचा गठ्ठा टाकला की तो बोलत असतानाच ती नग मोजायची. आताही कुठंतरी आत मोजणं चाललंच होतं, आणि ते अडलं.

"तीन खोल्या म्हणजे खाटा सहा?" तिनं विचारलं.

"हो. दोन-दोनच्या."

"आणि होडीतही सहा?"

"सहा."

"आपण सात आहोत हो."

त्यानं तिच्याकडे अगदी सरळ बघितलं. चेहऱ्यावर ना ओशाळलेपण, ना गोंधळ. शाळेतल्या मुलीला बेरीज समजावून सांगावी तसा म्हणाला, "सहा माणसं आणि ड्रायव्हर."

क्षणभर कुणाला कळलं नाही. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरला एक कागद भरून द्यावा लागतो. त्यावर एक चौकोन असतो, एकूण माणसं. त्यात ड्रायव्हर धरत नाहीत. सव्वीस वर्षं रोज तो चौकोन भरून भरून या माणसानं स्वतःला माणसांतून वजा करायची सवय लावून घेतली होती, आणि ती सवय आता स्वतःच्या सुट्टीलाही लावली होती. झोपायला स्वयंपाकघरामागची खोली. लोक बेटावर जातील तेव्हा गाडीपाशी. माथ्यावर वीस मिनिटं: टायर, पाणी, काच.

मग खोली हसण्यानं भरली. "अरे धाकट्या," दादा डोळे पुसत म्हणाले, "तू स्वतःलाच विसरलास की रे!" सून हसली, पुतण्या हसला, उस्तादही हसला, कारण सगळे हसत होते. हसली नाही ती मुलगी, आणि थोरल्या जाऊबाई चहाच्या कपात बघत राहिल्या.

"पण तसं बघितलं तर बरोबरच आहे," हसू ओसरल्यावर दादा म्हणाले. "लॉजवाला ड्रायव्हरला खोली देतोच. मग कशाला बदलायचं? आणि बेट काय, याच्यासाठी नवं थोडंच आहे? गाडीजवळ कुणीतरी लागतंच."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली, पर्स खांद्याला अडकवली. "दादा, चहा छान होता. तुम्ही जाऊन या. मी येणार नाही."

"अगं, चिडायला काय झालं?"

"काही झालं नाही. मला सव्वीस वर्षांत यांची पाठच दिसली आहे. ती बघायला डोंगर चढून कशाला जाऊ? घरी दिसते की."

घरी जाताना तिघं चालत निघाली. मुलगी दोघांच्या मधून सरकून पुढं गेली, भांडण मोकळं व्हावं म्हणून. दोन चौक मागं पडले.

"माझी शोभा केलीस," शेवटी तो म्हणाला.

"मी केली?"

"एवढं चांगलं चाललं होतं. दादा पहिल्यांदा काहीतरी म्हणाला."

"काय म्हणाला? गाडीजवळ कुणीतरी लागतंच, हे?"

तो थांबला. रस्त्याच्या कडेला चपलांचं दुकान बंद होत होतं, त्याच्या फळीवर हात टेकून म्हणाला, "तुला वाटतं, मी मान खाली घालून गाडी चालवतो म्हणून. तसं नाही ते. चुकतेस तू. माझ्या गाडीत म्हातारी माणसं बसली, आठ दिवसांची पोरं बसली, नवी जोडपी बसली. सगळ्यांनी समुद्र बघितला. का बघितला? मी रस्ता बघत होतो म्हणून. त्यांचं बघणं माझ्या डोळ्यांवर उभं होतं. मी एकदा जरी तिकडे वळलो असतो ना, तर चाळीस जणांचा समुद्र गेला असता. हे हलकं काम आहे? मला सांग. कुणाला जमतं? दादाला जमेल?"

हा माणूस असा बोलू शकतो हे तिला ठाऊक होतं, पण तो कधी बोलत नसे. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की रस्त्यातच त्याचा हात धरावा. आणि म्हणूनच ती मागं हटली नाही.

"नाही जमणार," ती म्हणाली. "दादांना सात जन्मांत नाही जमणार. पण आता एवढंच सांगा. तुम्ही हजारो लोकांसाठी रस्ता बघितलात. तुमच्यासाठी चार दिवस कुणी बघायचा की नाही?"

"कोण बघणार? त्या घाटात मी दुसऱ्याच्या हातात चाक देणार नाही. माझी माणसं बसलेली असताना तर नाहीच."

"म्हणजे जगात तुम्ही एकटेच?"

"त्या रस्त्यावर, हो."

"मग राहा एकटे," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

तीन दिवस घरात नुसती भांडी बोलत होती. तो कामावर जाई, येई, जेवी. ते कागद टेबलावर पडून होते. तिसऱ्या दिवशी ती केर काढत होती तेव्हा तिला दिसलं, त्यानं 'टायर, पाणी, काच' ही ओळ खोडली होती. पुढं काही लिहिलं नव्हतं. काय लिहावं हे त्याला सुचलं नसावं. वीस मिनिटं रिकामी मिळाली तर माणूस करतो काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. स्टुलावर बसला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला.

"एकच माणूस आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"ब्रेकताई."

धाकटीनं मशीनवरचा पाय उचलला. ब्रेकताईला ती ओळखत होती. बारा वर्षांपूर्वी डेपोत पहिली बाई ड्रायव्हर म्हणून आली तेव्हा पुरुषांनी तिचा पिच्छा पुरवला होता. दर वळणाला ब्रेक मारते म्हणून तिचं नाव ब्रेकताई पाडलं. तिला शिकवायला कुणी तयार होईना. उस्ताद तयार झाला. सहा महिने शेजारच्या सीटवर बसून तो एक वाक्य बोलायचा, "मार ब्रेक, भिऊन नको मारू, ठरवून मार." पुढं ती त्याच रस्त्यावर आठ वर्षं होती. मग नोकरी सोडून स्वतःची नऊ सीटची गाडी घेतली आणि प्रवासी न्यायला लागली. नाव मात्र तेच ठेवलं. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: ब्रेकताई. ज्यांनी ते चिडवायला पाडलं होतं ते आता आपल्या पाहुण्यांना तिचाच नंबर देत.

"तुम्ही विचारा," धाकटी म्हणाली.

"मला नाही विचारता येणार. मी तिचा उस्ताद. मी कसं म्हणू, मला फिरवून आण?"

"का? जीभ झिजते?"

"तू विचार," तो म्हणाला, आणि टोपी घालून चालता झाला. डेपोच्या फाटकातून आत जाईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

ब्रेकताई दुसऱ्या दिवशी आली. सीटची कव्हरं शिवायला टाकली होती ती न्यायला. उंच, दणकट बाई, आवाज गाडीच्या इंजिनावरून बोलून बोलून मोठा झालेला. धाकटीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: कागद, सहा खाटा, दादा, टायर-पाणी-काच.

ब्रेकताईनं कव्हरांचा गठ्ठा फळीवर ठेवला. "सहा माणसं आणि ड्रायव्हर, असं म्हणाले?"

"असंच."

"आग लागो त्या चौकोनाला," ती म्हणाली. "मी पण तेच लिहायचे हो. आठ वर्षं." मग थोडं थांबून, हळू आवाजात: "उस्ताद माझ्या गाडीत बसणार? मागं?"

"बसवायचंय."

"वहिनी, मला आठ दिवस झोप लागायची नाही. परीक्षेला बसल्यासारखं आहे हे."

"मग नाही म्हणतेस?"

"नाही कशाला म्हणू? लायसन मिळालं तेव्हा एवढा आनंद नव्हता झाला. पण माझी अट आहे. पुढच्या सीटवर बसायचं नाही. मधल्या रांगेत, खिडकीपाशी. आणि तोंडातून 'गिअर' हा शब्द काढायचा नाही. काढला तर खाली उतरवीन, उस्ताद असो की उस्तादाचा बाप."

"हे तूच सांग त्यांना."

"सांगते की," म्हणत ब्रेकताई रस्ता ओलांडून थेट डेपोत गेली. धाकटीला दुकानातून ऐकू आलं नाही, पण दिसलं. उस्ताद कंबरेवर हात ठेवून उभा, ब्रेकताई बोट नाचवून बोलतेय, आजूबाजूचे मेकॅनिक हातातले पाने खाली ठेवून बघतायत. मग उस्तादानं मान हलवली. एकदा. जशी तो सुटायच्या वेळी कंडक्टरला हलवतो तशी.

राहिले दादा.

ते संध्याकाळी घरी आले, जाऊबाईंना घेऊन. मुलीनं फोनवर चुलतभावाला सगळं सांगून टाकलं होतं. दादा खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि समजुतीच्या सुरात सुरू झाले.

"हे बघ, घरचा माणूस असताना बाहेरचा ड्रायव्हर कशाला? त्यात बाई. मला बाईमाणसाबद्दल काही म्हणायचं नाही, पण तो घाट आहे."

"मी शिकवलंय तिला," उस्ताद म्हणाला.

"अरे पण तुझ्यासारखी चालवेल का?"

"नाही. तिच्यासारखी चालवेल. काही वळणांवर माझ्यापेक्षा बरी."

धाकटी दारात उभी होती. नवऱ्याच्या तोंडून हे कबूल होणं किती जड आहे, हे त्या खोलीत तिला एकटीला कळलं.

दादांनी सूर बदलला. "धाकट्या, एवढं काय त्यात? चार दिवस चाक धरलंस तर हात झिजणार आहेत का तुझे? सवयीचं काम तुझं. तुझ्या हातात गाडी असली की आम्हाला बिनधास्त वाटतं, म्हणून म्हणतो."

हे गोड होतं. याच गोडीवर उस्ताद सव्वीस वर्षं लग्नाला, मुंजीला, दवाखान्याला, विमानतळाला सगळ्यांना पोचवत आला होता, आणि बाहेर गाडीत बसून राहिला होता. धाकटीनं ओठ दाबून धरले. आता तिनं बोलायचं नव्हतं. आता त्यानंच.

उस्तादानं दोन्ही तळवे मांडीवर उलटे-सुलटे केले.

"दादा, मी सुट्टीवर आहे," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही. पण तो गाडी थांबवताना जसा थांबवतो, धक्का न देता आणि एक इंच पुढं न जाऊ देता, तसं ते वाक्य होतं. त्याच्या पुढं जायला जागाच नव्हती.

"मग आमचं काय?" दादा म्हणाले. "तुमचं तुम्ही जा मग."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे आम्ही जातो. तुम्ही आलात तर आनंद आहे. नऊ सीटची गाडी आहे, जागा आहे."

दादांनी बायकोकडे बघितलं. इतकी वर्षं ते असं बघत आणि त्या उठत, पर्स घेत. जाऊबाई उठल्या नाहीत. पुढ्यातल्या बशीतलं बिस्किट मोडून म्हणाल्या, "भाऊजी, त्या बेटावर खरंच पक्षी असतात का हो?"

"लोक म्हणतात असतात, वहिनी. मी नाही बघितले."

"मग बघू दोघं. यांना नसेल यायचं तर राहू देत. गॅस बंद कसा करायचा ते लिहून ठेवीन."

मुलगी फस्सकन हसली आणि आत पळाली. दादांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "साडेसहा म्हणजे फारच लवकर होतं." म्हणजे आले. हरलेला माणूस वेळेवर घासाघीस करतो.

"साडेसहाच," उस्ताद म्हणाला. "पुलावर ट्रक असतात."

ते गेल्यावर त्यानं लॉजवाल्याला फोन लावला. धाकटी भांडी विसळत होती, नळ बारीक केला.

"हां, मीच. खोल्या बदलायच्या आहेत... नाही, रद्द नाही. चार करा, समुद्राकडच्या. आठ माणसं... हो, आठ. सात आम्ही आणि आमची ड्रायव्हर." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. उस्तादाचा आवाज एकदम कडक झाला. "नाही, मागची खोली नको तिला. मी झोपलोय तिथं सव्वीस वर्षं, मला सांगू नका ती कशी आहे. माझ्या मुलीबरोबर झोपेल ती, दुसऱ्या मजल्यावर. जेवण टेबलावर, आमच्याबरोबर. आणि ऐका, त्या खोलीच्या टाक्या हलवा जरा खिडकीखालून. बाकीचे ड्रायव्हर येतात अजून."

धाकटीनं नळ पुन्हा मोठा केला. डोळे कुठं पुसायचे तर हात साबणाचे होते.

सोमवारी ती शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा घेऊन डेपोच्या ऑफिसात गेली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. आत चष्मेवाला क्लार्क त्याचा रजेचा अर्ज वाचत होता, आणि पुन्हा वाचत होता.

"उस्ताद, हे असं चालत नाही," क्लार्क म्हणाला.

"काय चालत नाही?"

"कारण. इथं बघा काय लिहिलंय." त्यानं मोठ्यानं वाचलं, म्हणजे मागच्या टेबलांवरच्यांनाही ऐकू जावं. "'बायकोबरोबर डोंगर आणि समुद्र बघायला जायचं आहे.' असं कुणी लिहितं का? घरगुती कारण लिहा. नाहीतर आजारपण. सगळे तेच लिहितात."

"मी आजारी नाही. घरगुतीही काही नाही. जे आहे ते लिहिलंय."

"अहो, साहेब हसतील वर."

"हसू देत."

क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. वाईट माणूस नव्हता तो, नुसता क्लार्क होता. "पण मला एक सांगा. तुम्ही दिवसाआड तिथंच असता. तुमचं तिथं काय बघायचं राहिलंय?"

"सगळंच," उस्ताद म्हणाला.

मागच्या टेबलांवरचं खुसखुसणं थांबलं. क्लार्कनं अर्ज हातात धरला, ठेवला, पुन्हा धरला, आणि शेवटी धाकटीकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना काहीतरी."

धाकटीनं गठ्ठा खिडकीच्या फळीवर ठेवला, वरचा गणवेश हातानं सपाट केला आणि आत वाकून अर्जाकडे बघितलं. रेघ धरून लिहिलेलं, ठसठशीत, एकही खाडाखोड नाही.

"काय सांगू?" ती म्हणाली. "अक्षर तर सगळं लागतंय. मारा की शिक्का."